फक्त पातळ घ्या

चिवड्याची वाटी हातात घेऊन हा अंक वाचायला बसला असाल, तर ती आधी खाली ठेवा. नंतर मला बोल लावायचा नाही. "मॅडम, तुम्ही आता रिटायर झालात, आयुष्यभराच्या कामाबद्दल आमच्या दिवाळी अंकात लिहा," असा संपादकांचा फोन आला, तेव्हाच मी विचारलं होतं, "काम कुठलं ते ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "हो हो, पोटाच्या डॉक्टर तुम्ही." म्हटलं, "पोट म्हणालात हा तुमचा सभ्यपणा. पोटाला दोन टोकं असतात, आणि माझं नाव झालं ते खालच्या टोकापायी." मग ते म्हणाले, "लिहा. दिवाळीत गोड सगळेच देतात."

नागपुरात मला कोणी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट म्हटल्याचं आठवत नाही. तो शब्द उच्चारून होईस्तोवर पेशंटचा नंबर निघून जातो. मी 'दुर्बीणवाली बाई'. "दुर्बीणवाल्या बाईकडे जा, थे पाहून देते," असं लोक एकमेकांना ऑटोत, बसमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीत सांगायचे. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एवढं शिकून शेवटी भाजीवाली, फुलवाली तशी मी दुर्बीणवाली! पण पुढं ते नाव आवडायला लागलं. डिग्री भिंतीवर टांगलेली असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. हे नाव लोकांच्या तोंडात होतं.

दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड आणि जवळजवळ माणसाएवढी लांब काळी नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, आणि आतून एक अरुंद बोगदा. त्या बोगद्यातून सुई, चिमटा, तारेचा फास, जे हवं ते सरकवता येतं. समोर टीव्ही असतो, त्यावर आतडं दिसतं, आणि डाव्या अंगठ्यानं चाकं फिरवून नळीचं टोक वळवायचं असतं. अजूनही घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना माझा डावा अंगठा हलतो. नवरा म्हणतो, "अगं, सिरियल आहे ती, वळणार नाही."

त्यातही माझी खासियत म्हणजे आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागातल्या छोट्या गाठी. एके काळी तिथं गाठ निघाली की सरळ पोट उघडायचे, आणि काहींना तर जन्मभर पोटावर पिशवी लागायची. आता गाठ लहान असेल आणि वेळेवर सापडली असेल, तर ज्या वाटेनं ती दिसते त्याच वाटेनं तिला बाहेर काढता येतं. टाका नाही, चिरा नाही. माणूस संध्याकाळच्या चहाला घरी.

पण वेळेवर सापडायला माणूस वेळेवर यायला पाहिजे ना! इथंच सगळं घोडं अडतं. लोकांना छातीतलं दुखणं सांगताना काही वाटत नाही, गुडघा तर चारचौघांत उघडा करून दाखवतात, पण हे सांगायची लाज. कामठीहून एक रिटायर्ड सुभेदार यायचे. खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, "मेरे दोस्त को तकलीफ है." मी म्हणायची, "दोस्त को ले आइए." ते सलाम करून जायचे आणि पुन्हा एकटेच यायचे. शेवटी मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, ये दोस्त आपकी पतलून के अंदर रहता है क्या?" ते असे हसले की बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावले. मग निमूट टेबलावर आडवे झाले. त्यांचं काही निघालं नाही, पण ते आले तरी. बायकांना तर पुढं करायला दोस्तही नसतो. लाजेपायी उशिरा आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या, आणि एवढ्या वर्षांच्या कामात मला हळहळ कसली असेल तर ती त्यांचीच.

असो. मला सांगायचंय ते एका शब्दाबद्दल.

दुर्बीण घालायची तर आतडं आरशासारखं स्वच्छ लागतं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी एक पावडर पाण्यात मिसळून प्यायची असते. ती प्याल्यावर काय होतं ते मी इथं लिहीत नाही, दिवाळी आहे. आणि त्या पावडरीनंतर पाण्यासारख्या पातळ पदार्थांशिवाय पोटात काही जाता कामा नये. हे मी पेशंटला कसं सांगायची? "आता फक्त पातळ जेवण घ्या." सरळ मराठी. यात कोणाचं काय बिघडणार?

तर मनीषनगरच्या एका साहेबांचं बिघडलं. त्यांच्या आतड्यात दुर्बीण घातली आणि टीव्हीवर सगळं लालभडक! एवढं रक्त कुठून येतंय ते शोधायला मी भराभर पाणी मारायला लागले. माझे टेक्निशियन नरेशभाऊ जवळजवळ माझी सगळी नोकरीभर माझ्या उजव्या हाताला उभे होते. दुर्बीण धुण्यापासून फास आवळण्यापर्यंत सगळं तेच करायचे. ते टीव्हीच्या जवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, रक्तात मिरचीच्या बिया असतेत का?" साहेब शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, रात्री काय घेतलंत? ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेच. पातळ जेवण. सावजीकडून मटणाची नुसती लाल तर्री मागवली. एकही पीस खाल्लं नाही हो." एकही पीस न खाल्ल्याचा त्यांच्या तोंडावर केवढा त्याग होता! ओरडायला तोंड उघडलं होतं, पण हसूच आलं.

त्या दिवशी मी ठरवलं, सगळा घोळ 'जेवण' या शब्दानं होतो. तो शब्दच काढून टाकायचा. तेव्हापासून मी सांगायची, "पावडर प्याल्यावर जेवण बंद. फक्त पातळ घ्या." कशी सुटसुटीत सूचना! आता कोणाची बिशाद आहे चुकायची, असं मला वाटलं.

मग सुभद्राबाई आल्या.

त्या मूळच्या उमरेडच्या, विणकर घरातल्या. माग केव्हाच बंद झाला होता आणि आता नवऱ्यासकट त्या नागपुरातल्या नंदनवन भागात मुलाकडे राहत होत्या. सून कविता त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. आत आल्या आल्या सुभद्राबाईंनीच मला रोगाचं नाव सांगून टाकलं, "मूळव्याध हाये. रक्त पडते. मले माहीत हाये, पण हे पोरगी ऐकत नाई."

"आई, बाईले पाहू तं द्या," कविता म्हणाली.

"पाहाले काय सिनेमा हाये तिथं?"

मला ही बाई तिथल्या तिथं आवडली. तेव्हा एनिमा देऊन फक्त शेवटचा भाग पाहिला, त्याला पावडर लागत नाही. मूळव्याध होतीच, साधी होती. रक्त तिचंच. पण तिच्या थोडं वर, आतड्याच्या अस्तराखाली काहीतरी दिसलं. गुळगुळीत, पिवळसर, तुरीच्या दाण्याएवढं. चिमट्यानं टोचलं तर टणक. त्यानं त्यांना कसलाच त्रास दिला नव्हता. मूळव्याधीनं रक्त पाडलं नसतं तर ते कोणाला कधी कळलंही नसतं. मी तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट मला वाटला होता तोच आला. या गाठी अजब असतात. वर्षानुवर्षं एका जागी निपचित पडून राहतात. दाण्याएवढ्या असतात तोवर त्यांना मुळासकट काढलं की विषय संपला. पण मोठ्या झाल्या की त्यांचा काही भरवसा नाही, बाहेर पसरतात, आणि मग दुर्बिणीच्या हातात काही उरत नाही. सुभद्राबाईंची गाठ अजून गरीब होती. आत्ता काढली तर त्या सुटणार, आणि टाळाटाळ केली तर पुढं काय होईल ते मी सांगू शकत नव्हते.

हे सगळं मी त्यांना नीट समजावलं, निदान मला तसं वाटलं. कविता तेव्हा पावडर आणायला खालच्या औषधाच्या दुकानात गेली होती. सुभद्राबाई एकट्याच समोर बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कॅन्सर हाये का?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "त्याच्या भावकीतली आहे. पण दूरच्या नात्यातली, आणि अजून लहान आहे. काढून टाकली की झालं. पोट फाडायचं नाही, काही नाही."

आज मला माहीत आहे की त्यांच्या कानात 'भावकी'पर्यंतचंच वाक्य गेलं. त्या मान डोलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. शेवटी मी पावडर कधी आणि कशी प्यायची ते सांगितलं आणि माझं ते सुटसुटीत वाक्य टाकलं, "त्यानंतर जेवण बंद. फक्त पातळ घ्या." त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग हात जोडले. आमच्याकडे पेशंट हात जोडतातच, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

गाठ काढायच्या दिवशी सकाळी मी हात धूत होते, तेवढ्यात नरेशभाऊ कपाळावर हात मारत आत आले.

"म्याडम, वडाभात!"

"काय वडाभात?"

"सुभद्राबाई वडाभात खाऊन आली. वरून कढी. मी इचारलं, शेवटचं केव्हा खाल्लं? तं म्हणते, आताच, निंगता निंगता."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गुंगीचं औषध द्यायचं असताना भरलं पोट म्हणजे जिवाशी खेळ. उलटी झाली आणि श्वासनळीत गेली तर? ही काय थट्टा आहे? मी तशीच बाहेर गेले. सुभद्राबाई बाकावर शांत बसल्या होत्या. मांडीवर एक कापडी पिशवी. बाजूला कविता.

"सुभद्राबाई, मी जेवायला नको म्हटलं होतं ना?"

कविता गोंधळली. "आई तं म्हणाल्या, बाईनंच जेऊन याले सांगतलं. पहाटे उठून त्यांनी स्वतः वडे तळले, सगळ्यायले वाढलं. सणावारी करते तसं."

"मी सांगितलं? मी असं सांगितलं? काहून जेवलात हो तुम्ही?"

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. भीती नाही, लाज नाही, काही नाही. म्हणाल्या, "बाई, मराचंच हाये तं उपाशी काहून मरू?"

मला वाटलं, घाबरून बोलतायत. पेशंट बोलतात असं. मी आणखी चार शब्द सुनावणार तेवढ्यात त्यांनी मांडीवरची पिशवी माझ्यापुढं धरली. "हे घ्या. तुमी सांगतलं होतं, तसं आणलं."

पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक पातळ होतं. हिरवंगार सुती, रेशमी लाल काठ, एकदाही न नेसलेलं. आता माझा राग दुसऱ्या वाटेनं निघाला. म्हटलं, "हे काय? मी पेशंटकडून काही घेत नाही. बाहेर पाटी लावलीय. न्या परत."

"तुमच्यासाठी काहून आणू वं बाई?" सुभद्राबाई म्हणाल्या. "माह्यासाठी हाये ते."

"तुमच्यासाठी? इथं?"

"तुमीच तं म्हणलं. जेवण बंद, फक्त पातळ घ्या." त्या कविताकडे बघून आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "मी समजली. सून खाली गेली होती, मले एकटीले पाहून तुमी सांगतलं. म्हणलं, बाई भल्या घरची हाये. तोंडावर नाई बोलली, आडून बोलली. सवाशीण जाते तं नवं पातळ लागतेच ना? बुढ्याले काई सुचणार नाई, पोरगं धावत जाईन अन् दुकानातून पालिस्टरचं उचलून आणन. मी जनमभर सूत-रेशीम इणलं, अन् जाताना पालिस्टर नेसू? आमच्या मागावरचं हे शेवटचं पातळ. माह्या हातचं. मंग माग इकला. हे ट्रंकेत ठेवलं होतं. म्हणलं, आता हेच घ्याव."

नरेशभाऊ आधी फस्सकन हसले. मलाही हसू आलं, अगदी ओठापर्यंत आलं. पण समोर ती बाई, मांडीवर पिशवी, पोटात स्वतःच्या हातचा वडाभात. ती तयारीनं आली होती. एकटीनं सगळं ठरवून, घरच्यांना पोटभर वाढून, कोणाला कळू न देता आली होती. आणि मी तिच्यावर वसावसा ओरडत होते! मी मटकन बाकावर तिच्या शेजारी बसले.

तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "सुभद्राबाई, ऐका. पातळ म्हणजे नेसायचं नाही हो. प्यायचं. पाणी, नारळपाणी, लिंबाचं सरबत. जेवणाऐवजी ते घ्यायचं."

"प्याचं?"

"प्यायचं."

"म्हणजे मी मरून नाई राहिली?"

"आज तर नाही. आणि या गाठीनं तर मुळीच नाही, माझं ऐकलंत तर."

कविता ढसाढसा रडायला लागली. तिला तर आत्ताच कळत होतं की पहाटेचे वडे कशाचे होते. मला वाटलं, सुभद्राबाईही रडतील. कसलं काय! त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या चिडल्या. चांगल्याच चिडल्या.

"मंग माह्या जावेचं काय करू आता?"

"जावेचं काय?"

"माग इकला तवापासून आमचं बोलणं नव्हतं. परवा तिच्या घरी गेली. म्हणलं, जाता जाता मनात काई ठेवू नाई. रडली, तिले रडवलं, तिच्या हातचा चहा पेली. एवढा गोड चहा, बाप्पा! आता ते वापस कसं घेऊ?"

आता मात्र आम्ही सगळेच हसलो. कविता रडता रडता हसली. बाकावरचे इतर पेशंटही हसायला लागले, त्यांना निम्मं कळलं होतं तरी. एकट्या सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी पातळाची घडी पुन्हा धोतरात गुंडाळली, पिशवी काखेत मारली आणि उठल्या. मी पुढची तारीख दिली. पावडर पुन्हा प्यायची, पातळ प्यायचं, सगळं कवितासमोर समजावलं. जाताना विचारलं, "याल ना?" त्या म्हणाल्या, "पाहू."

मी जन्माची नागपूरची आहे. 'पाहू' म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. 'पाहू' म्हणजे नाही.

ते दिवस मी जीव टांगणीला लावून काढले. तसं पाहिलं तर एक पेशंट. पण एकदा सगळ्यांचा निरोप घेऊन झालेल्या माणसाला पुन्हा बोलावणं सोपं नसतं. त्याला वाटतं, झालं की एकदाचं, मोकळे झालो, आता कशाला पुन्हा त्या टेबलावर? आणि ती दाण्याएवढी गाठ तिच्या जागी बसलेलीच होती. तिला काय घाई? तिला वाट बघता येते. आपल्याला येत नाही.

ठरलेल्या दिवशी सुभद्राबाईंची वेळ उलटून गेली. मी पुढचा पेशंट घेतला, मग त्याच्या पुढचा. मध्ये दोनदा उगाचच बाहेर डोकावून आले. नरेशभाऊंनी ते बघितलं होतं. दुर्बीण पुसता पुसता म्हणाले, "म्याडम, ते काई येत नाई आता." मी त्यांच्यावर खेकसले, "तुम्ही तुमचं काम करा गा."

तेवढ्यात बाहेर भांडणाचा आवाज. दारात सुभद्राबाई, त्यांचा दंड घट्ट धरलेली तशीच एक म्हातारी, आणि मागं पिशव्या सांभाळत कविता. ही दुसरी म्हातारी कोण ते विचारायची गरजच पडली नाही. सुभद्राबाईंनी आल्या आल्या तक्रार मांडली, "बाई, हे माही जाऊ. काल संध्याकाळपासून घरी येऊन बसली. दातात काडी घालू नाई देल्ली मले. पोरानं पोहे केले तं ताट उचलून दुसऱ्या खोलीत! ही बाई माही दुश्मन हाये."

जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, "पाण्याबिगर काई नाई देल्लं बाई. तुमी काढा ते गाठ. मी धरून ठेवतो हिले."

"आणि उशीर?"

"ऑटोतून उतरून जात होती. पुन्हा बसवली."

गाठ कशी काढतात ते आता थोडक्यात सांगते. आधी गाठीच्या खाली सुईनं सलाइन सोडायचं. वरचं अस्तर पुरीसारखं टम्म फुगतं आणि गाठ खालच्या स्नायूपासून सुटून वर येते. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी असते, तिच्यात गाठ ओढून घ्यायची आणि बुडाशी रबराचं बारीकसं कडं बसवायचं. मग त्या कड्याच्याही खाली तारेचा फास आवळायचा आणि करंट देऊन कापायचं. फास जरा वर बसला तर गाठीचं बूड आतच राहतं. जरा खोल गेला तर आतड्याला भोक पडतं. मधली जागा नखाएवढीही जाड नसते. ती जागा शोधायची, हीच माझी नोकरी.

सुभद्राबाई गुंगीत होत्या. मी सलाइन सोडलं, गाठ उचलली, पण टोपीत ओढताना ती कडेला सटकली. पुन्हा ओढली, पुन्हा सटकली. तशी ती बेरकीच होती, मालकिणीसारखी. मी तिसऱ्यांदा ओढली, कडं बसलं. नरेशभाऊंनी फास सोडला, मी म्हटलं, "आणखी खाली. आणखी. बस." त्यांनी आवळला. तेवढ्या शांततेत सुभद्राबाई गुंगीतच पुटपुटल्या, "साखर लय टाकते वं तू." नरेशभाऊंचा हात हसण्यानं हलेल की काय, असं मला वाटलं. पण तो हात हलला नाही. करंट दिला, गाठ सुटली. खालून रक्ताची एक बारीक चिळकांडी उडाली, तिच्यावर क्लिप लावली. थांबली. टीव्हीवर स्वच्छ पांढरट जागा दिसत होती आणि टोपीत तो तुरीचा दाणा. मी तो बाहेर काढून ताटलीत ठेवला आणि बराच वेळ नुसती बघत बसले. एवढ्याशा दाण्यापायी एका बाईनं आपली सगळी निरवानिरव करून टाकली होती.

संध्याकाळी त्या घरी गेल्या. जावेला विचारून मगच चहा प्यायल्या.

पण खरी परीक्षा पुढं होती. काढलेली गाठ तपासतात ती तिच्या कडांसाठी. चारी बाजूंनी चांगल्या अस्तराची कड निघाली असेल तरच गाठ पूर्ण आली, नाहीतर आत काही राहिलं आणि मग मोठं ऑपरेशन. रिपोर्ट आला त्या दिवशी मी तो दोनदा वाचला. सुभद्राबाई समोर बसल्या होत्या, या वेळी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत. त्यांना कसं सांगावं याचा मी विचार केला. भावकी, नातं, असलं काही बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, "सुभद्राबाई, गाठ सगळी निघाली. चारी काठ साफ."

काठ! मी म्हणून गेले आणि त्या बाईचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. "काठ बरोबर उतरले म्हणता?"

"एकदम बरोबर. कुठं तार तुटलेली नाही."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. ज्या दिवशी मरायला निघाल्या होत्या त्या दिवशी नव्हत्या रडल्या, त्या आता रडल्या. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. दुर्बीणवालीनंही कधीमधी रडावं.

'पातळ' हा शब्द मी तेव्हापासून दवाखान्यात वापरला नाही. मी सांगायला लागले, "ज्याच्यातून पलीकडचं दिसतं, तेवढंच प्या." यातही एकानं काचेच्या ग्लासातून दूध पिऊन दाखवलं. "ग्लासातून तं दिसते ना म्याडम." भाषा आपल्या जागी आणि नागपूरकर आपल्या जागी. मी हात टेकले.

माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा सुभद्राबाई तपासणीला आल्या. गाठ काढल्यावर अधूनमधून दुर्बिणीनं ती जागा बघावी लागते. मी आत होते. बाहेरून नरेशभाऊंचा आवाज आला, ते नेहमीप्रमाणे दवाखान्याचा गाऊन पुढं करत होते आणि कोणीतरी त्यांना दटावत होतं, "थांब गा! आधी बाईले पाहू दे."

मी बाहेर आले. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. हिरवं पातळ, लाल काठ. ट्रंकेत वर्षानुवर्षं राहून घडीच्या जागी रंग उडाला होता आणि त्या रेघा अंगभर दिसत होत्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. मी म्हटलं, "वा! आज कुठं लग्न आहे का?"

"नाई. काहून? लग्नातच नेसाव का?"

"आणि जाऊबाई? पुन्हा बोलणं बंद?"

"बंद कायचं? रोज भांडतो आता."

मी जवळ जाऊन त्या काठावरून हात फिरवला. इतका एकसारखा काठ मी दुकानात कधी पाहिला नाही, आणि तसं मी म्हणणार होते. पण सुभद्राबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाह्यलं का वं बाई? या बारीले पातळ घेऊन नाई आली. नेसून आली."